रत्नाच्या कार्डावरचा रिकामा चौकोन

माझं नाव आरती. मी आशाताई आहे. वेल्ह्याच्या डोंगरातल्या तीन वस्त्या माझ्याकडे आहेत आणि तिथली माणसं माझ्या रागाला जरा टरकून असतात. टरकायलाच हवं. लसीच्या दिवशी नेमकं पोरगं घेऊन मामाच्या गावाला जाणाऱ्यांशी मी गोड बोलत नाही.

त्यातल्या ज्ञानोबांच्या वस्तीवर साठ मेंढ्या आणि पाच माणसं. ज्ञानोबा, त्यांची बायको आक्काबाई, मुलगा सोमनाथ, सून मोहिनी आणि दहा महिन्यांची नात रत्ना. रत्ना म्हणजे आजोबांच्या काळजाचा तुकडा. सकाळी डोळे उघडले की ती त्यांच्या मांडीवर. त्यांच्या गालाला गाल घासायचा आणि त्यांच्या उपरण्याचं टोक चोखायचं, एवढाच तिचा उद्योग.

माझ्याकडे बाळाच्या वाढीचं कार्ड असतं. मान धरते का, बसते का, असे चौकोन. एका चौकोनात लिहिलंय, 'लपवलेली वस्तू शोधते'. मी बाळासमोर खुळखुळा फडक्याखाली लपवते आणि बाळ फडकं ओढतं. रत्नाने ओढलं नाही. ती नुसती किरकिरत राहिली. आधी छान बसणारी पोर आता कलंडत होती, तळहात लालभडक होऊन सालपटं निघत होती आणि मोहिनी म्हणाली, झोपही नाही.

"दिष्ट लागलीया," आक्काबाई म्हणाली.

"दृष्ट काढा, पण उद्या भोरची एसटीही धरा," मी म्हटलं.

भोरच्या डॉक्टर सौदामिनींनी रत्नाचे हात बराच वेळ निरखले आणि लघवी तपासायला पुण्याला पाठवली. आठवड्याने त्यांचा फोन आला. मी तेव्हा वस्तीवरच होते.

"आरती, या बाळाच्या अंगात पारा सापडलाय. मोठ्यांनाही तो वाईटच, पण या वयात मेंदू घडत असतो आणि पारा त्या घडणीतच घुसतो. बोलणं, चालणं, शिकणं, सगळं मागे पडू शकतं. घरात कुठून येतोय ते शोध. आधी तो थांबला पाहिजे."

घरच्यांना सांगितलं, तर सगळ्यात आधी ज्ञानोबा काठी घेऊन उठले.

"कुठं हाय त्यो पारा? म्या बगतो त्याच्याकडं!"

मग जी झडती सुरू झाली ती विचारू नका. मी दिलेलं थर्मामीटर बॅटरीवर चालणारं होतं, त्यात पाऱ्याचा थेंब नाही, हे मी तीनदा सांगितलं. तरी ज्ञानोबांनी ते चार पिशव्यांत गुंडाळून लांबच्या खडकावर नेऊन ठेवलं. मेंढवाड्यातला जुना सीएफएल दिवा, त्यात पारा असतो म्हणून, सोमनाथकडून अलगद उतरवून घेतला. किडीसाठी कुणी पाऱ्याच्या गोळ्या टाकल्या असतील म्हणून तांदळाची कणगी उपसली, तर तिच्यातून नुसता कडुनिंबाचा पाला निघाला. शेवटी त्यांनी एडक्याचा जबडा उघडून आत हुंगलं.

"आवं, त्या एडक्यानं काय केलंय?" आक्काबाई ओरडली.

"आज समद्यांची झडती हाय!"

मी वैतागून डॉक्टरांना पुन्हा फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकर सुरू केला.

"गोरं करणारं क्रीम कुणी लावतं का ते विचार," डॉक्टर म्हणाल्या. "बाजारातलं, कुणी बनवलं ते न लिहिलेलं. तसल्या काही क्रीममध्ये पारा असतो. लावणाऱ्याच्या गालावरून, कापडावरून तो बाळाला लागतो."

सगळ्यांनी मोहिनीकडे पाहिलं. आक्काबाईचं तोंड सुटलं. "तरी म्या म्हनते, आरशाम्होरं एवडा येळ काय करती ही!"

"आत्या, मला तोंड धुवाया येळ गावंना, क्रीम कवा लावू?" मोहिनी रडायलाच लागली. "रत्नीच्या गळ्याची आन, म्या न्हाई लावलं!"

तिचा चेहरा उन्हाने रापलेला होता. मग गोरं कोण झालंय? मी एकेकाकडे बघत गेले. ज्ञानोबांची काठी खाली आली होती.

ते मटकन खाली बसले आणि त्यांनी डोक्यावरचा लाल फेटा काढला. त्याच्या घड्यांतून एक छोटी डबी पडली आणि घरंगळत एडक्याच्या पायाशी जाऊन थांबली. फेटा निघाल्यावर ज्ञानोबांच्या कपाळावर सरळ रेघ दिसली. रेघेच्या वर तवा आणि खाली कणीक.

"सुनंला बोलू नगा," ते म्हणाले. "म्या लावतो. किकवी गावातल्या लग्नाचा व्हिडिओ आला व्हता मोबाईलवर. त्यात माजा नुसता फेटा आन् दात दिसत व्हते. समदी खदाखदा हसली. म्हनलं, रत्नीच्या वाडदिवसाच्या फोटूत तरी तिच्या आज्याचं तोंड दिसावं."

"बाबा, या वयात? चार केस उरलेत डोक्यावर!" मी चांगलीच भडकले.

"तुमीच म्हनला व्हता ना, ताई? 'बाबा, लई उजळलात, काय खाताय?' तवापास्नं म्या दोन टायमाला लावाया लागलो."

म्हटलं होतं मी तसं, हसत हसत म्हटलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढे शब्द फुटेना.

ज्ञानोबा डबी ओढ्यात भिरकावायला उठले तेव्हा मात्र फुटला. "ओढ्यात नाही!" मी अशी किंचाळले की साठ मेंढ्या उधळल्या. मग डबी बरणीत बंद केली आणि उपरणं, फेटा, वाकळ वेगळ्या पिशवीत बांधली. ज्ञानोबांनी अख्खी साबणाची वडी तोंडावर संपवली.

बरणी घेऊन आम्ही भोरला गेलो. ज्ञानोबांनी एकच विचारलं, "पोरगी हुशार व्हईल का न्हाई?"

"लवकर सापडलंय, पारा उतरेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण आज वचन देता येणार नाही. लक्ष ठेवायचं."

परतीच्या एसटीत ज्ञानोबा रत्नापासून दोन सीट लांब बसले. ती हात पुढे करून रडत होती आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

दोन महिन्यांत पारा बराच उतरला. रत्ना झोपू लागली, पुन्हा बसू लागली आणि डॉक्टरांनी तिला आजोबांच्या मांडीवर परत जायची परवानगी दिली. पण 'लपवलेली वस्तू शोधते' हा चौकोन रिकामाच राहिला होता. वाढदिवसाला मी कार्ड घेऊन गेले. ज्ञानोबा नवा फेटा बांधून, आपल्या मूळ रंगात, नातीला घेऊन बसले होते.

मी खुळखुळा फडक्याखाली लपवला. रत्नाने फडक्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

ज्ञानोबांनी मान खाली घातली.

त्यांचं डोकं हाताशी आल्याबरोबर रत्नाने दोन्ही हातांनी फेटा धरून ओढला. तो सुटला तशी ती त्याच्या घड्यांत हात घालून चाचपू लागली. एक घडी, दुसरी घडी. काहीच सापडलं नाही. मग तिने रिकामाच हात आजोबांच्या गालावर गोल गोल चोळला आणि डबी कुठाय, अशा नजरेने त्यांच्याकडे पाहिलं.

रोज सकाळी मांडीवर बसून पोरीने सगळं बघितलं होतं आणि ते लक्षातही ठेवलं होतं.

ज्ञानोबा लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. मग रडता रडताच हसायला लागले. मी चौकोनात बरोबरची खूण केली आणि माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. सोमनाथने तेवढ्यात फोटो काढला. त्यात ज्ञानोबांचे नुसते दात दिसतात. तो फोटो ते स्वतःच सगळ्यांना दाखवत फिरतात.