झील कुणी धरली

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी टेकलेल्यांनीही आत यावं, जागा आहे. आजची गोष्ट पोथीपुराणातली नाही. ती घडली जपानात, तोक्योच्या निशी-कसाई भागात, आपली पुण्यामुंबईची सॉफ्टवेअरवाली मंडळी तिथं बिऱ्हाडं थाटत होती त्या वर्षांत. ऐकता ऐकता अंगावर काटा उभा राहिला नाही, तर मला खुशाल बोल लावा.

मंजुषा मूळची मिरजेकडची. नवरा प्रताप एका बँकेच्या संगणकाच्या कामावर, मुलगी ज्ञानदा तिथल्या जपानी शाळेत, आणि मंजुषा सकाळच्या वेळी एका डबेवाल्या दुकानात भात भरायच्या कामावर. पण जीव सगळा कीर्तनात. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेली कीर्तनं तिच्या अंगात अशी मुरली होती, की भाजी चिरताना पूर्वरंग चालायचा आणि कुकरची शिट्टी झाली की उत्तररंग सुरू.

तिच्या मनात घर करून बसलेली कथा एकच, प्रभावतीबाईंची. शिरवडी गावच्या या कीर्तनकार बाई. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली त्या साली, कार्तिकातल्या एकादशीला, त्या एकट्या देवळात उभ्या राहिल्या. पेटीवाला तापानं पडलेला, तबलजी पडलेला, मागून पदाची पुढची ओळ उचलणारे, म्हणजे झील धरणारे, तेही पडलेले, समोर श्रोता नाही. बाईंनी पद धरलं, 'दिवा ठेविला दारी, तू ये गा श्रीहरी', आणि चहूबाजूंनी टाळ वाजायला लागले! देवच साथीला आला. सकाळी देवापुढचे टाळ उचलले, तर हाताला कोमट लागले म्हणे. इथवर आलं, की मंजुषाचा गळा दर वेळी भरून यायचा.

एकदा हीच कथा तिनं ज्ञानदाला सांगितली. पोरगी ऐकून म्हणाली, "होन्तो?" म्हणजे, खरंच? आणि उठून संगणकाशी जाऊन बसली. जपानीत शोधलं, इंग्रजीत शोधलं, आईकडून मराठीत टंकून घेतलं. कुठं काही नाही.

"आई, ती बाई नाहीच आहे," एवढं मात्र ती मराठीत म्हणाली आणि खेळायला निघून गेली.

मंजुषाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मिरजेला फोन केला, तर वडिलांना आता कालचं जेवण आठवेना, तिथं प्रभावतीबाई कुठून आठवणार? ती कथा सांगणारे कीर्तनकार बुवाही गेलेले. म्हणजे या बाई आता फक्त आपल्यात उरल्या, असा तिच्या काळजात चर्र करून विचार आला. आपण गेलो की त्या गेल्या.

जालावर मराठी ज्ञानकोश आहे, तिथं कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, हे प्रतापनं कधीतरी सांगितलं होतं. मंजुषानं खातं उघडलं आणि लेख लिहिला. तोही कसा? जसं ऐकलं तसा. 'श्रोतेहो' अशी सुरुवात, मधे 'साक्षात सरस्वती', 'त्रिभुवनात तोड नाही', आणि पदाच्या शेवटच्या ओळीत कवीचं नाव येतं ना, तसं शेवटी 'मंजुषा म्हणे'!

दुपारी पाहते, तर निम्मा लेख गायब. 'खडीसाखर' या नावानं कुणी तरी कात्री चालवलेली. हा खडीसाखर कोण, कुठला, बाई की बुवा, कुणालाच ठाऊक नव्हतं. कोशावर राबणाऱ्या बिनपगारी माणसांतला एक, एवढंच. प्रत्येक बदलापुढं कारण लिहिलेलं. 'कोशात श्रोते नसतात.' 'लेखाखाली सही करू नये, लेख सर्वांचा आहे.' 'साक्षात सरस्वती काढले. सरस्वतीवर वेगळा लेख आहे.' आणि चर्चेच्या पानावर प्रश्न: "टाळ देवाने वाजवले, यास संदर्भ?"

मंजुषानं तणतणत लिहिलं, "संदर्भ देव."

उत्तर आलं, "देवाचे प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक द्यावेत."

प्रताप हे वाचून सोफ्यावर आडवा व्हायचा बाकी राहिला. "मानलं बुवा तुझ्या खडीसाखर-सानना!"

"हसू नकोस. नावात साखर आणि जिभेवर कारलं. उद्या म्हणेल देवाचं ओळखपत्र आणा."

"त्याचं बरोबर आहे पण. उद्या मी लिहीन, आमच्या ऑफिसात सर्व्हर मारुती चालवतो."

"चालवतच असेल. तुम्हाला कुठं चालवता येतो?"

हसण्यावारी गेलं, पण दुसऱ्या दिवशी लेखाच्या माथ्यावर पाटी लागली: या व्यक्तीचा छापील उल्लेख आढळत नाही, आठवड्यात संदर्भ न मिळाल्यास पान वगळण्यात येईल. ती पाटी मंजुषानं दोनदा वाचली. ज्ञानदा म्हणाली होती तेच आता सगळ्या जगासमोर लिहिलं जाणार, ती बाई नाहीच आहे.

तिनं चर्चेच्या पानावर हात जोडले. या वेळी तणतण नाही. "मी जपानात राहते. माझ्यापाशी पुस्तकं नाहीत. ही बाई खरी होती. कुणी शोधाल का?"

आणि मंडळी, इथून पुढं जे झालं त्याला काय म्हणावं? ती कामावरून येऊन पान उघडी, आणि दर खेपेला चर्चेत नवा आवाज. पुण्याच्या कुणी जुन्या नियतकालिकांची सूची चाळून लिहिलं, की एका आरोग्यविषयक मासिकात शिरवडी भागातल्या मदतकार्याचा वृत्तांत आल्याची नोंद आहे, पण पुण्यातला तो अंक वाळवीनं खाल्ला. दुसऱ्यानं मुंबईत जाऊन पाहिलं: त्या सालाचा गठ्ठाच नाही. अमेरिकेतल्या एकानं तिकडच्या ग्रंथालयांना विचारलं. कुणाला कुणाचं तोंड ठाऊक नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या बाईशी यांचं नातं काय? मंजुषाशी तरी काय? आणि खडीसाखर, ज्यानं पाटी लावली तोच, सगळ्यांत जास्त धावत होता. सांगलीच्या वाचनालयात तीनदा जाऊन आल्याचं त्यानं लिहिलं होतं, जसं काही दूध आणायला गेलो होतो.

मंजुषा पडद्यापुढं बसून नुसती बघत राही. तिला पहिल्यांदाच पडद्याला पाय लागू नये असं वाटलं.

मग एका संध्याकाळी फोन वाजला. देवदत्त नावाचा मुलगा. क्योतोला डॉक्टरेट करत होता, चर्चा वाचून त्यानं तिच्याकडून नंबर मागून घेतला होता.

"मंजुषाताई, आधी बसा."

"अरे भात लावलाय, सांग पटकन."

"गॅस बंद करा मग."

"काय बाई, संशोधक लोक आता भातही करू देईनात. केला बंद. बोल."

"मिळालं."

मंजुषा खरंच बसली, स्वयंपाकघरातल्या फरशीवरच.

देवदत्त सांगायला लागला. तिथल्या विद्यापीठात फार पूर्वी एक जपानी प्राध्यापक होते. तरुणपणी पुण्यात राहिले, आणि येताना जुन्या बाजारातून मराठी मासिकांची अख्खी पेटी घेऊन आले. ते वारले, पेटी तळघरात राहिली. ग्रंथपाल बाईंनी ती वर आणवली. "आणि ताई, तो अंक कसा होता सांगू? पानं कापलेलीच नव्हती. छापखान्यातून आली तशी एकमेकांना जोडलेली. छापल्यापासून तो कुणी वाचलाच नव्हता! त्या बाईंनी हातमोजे घातले, हस्तिदंती सुरी आणली, आधी अंकाला वाकून नमस्कार केला आणि मग एकेक पान मोकळं केलं. मी तर लांबच उभा राहिलो."

मंजुषानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना? स्कॅन मेल केलंय. पानावर मी काही टाकलेलं नाही. तुम्ही वाचा, तुम्हीच टाका." जरा थांबून तो म्हणाला, "पण ताई, तुम्ही लिहिलंय तसं नाहीये ते."

मदतकार्याला गेलेल्या एका मास्तरांनी तो वृत्तांत लिहिला होता. जुनी छपाई, जुनी भाषा. मंजुषानं पडद्यावर बोट ठेवून वाचलं:

"चार माणसें एकत्र जमूं नयेत असा हुकूम असल्यानें देवळांत प्रभावतीबाईंखेरीज कोणी नव्हतें. बाईंनी पदाचा पहिला चरण म्हटला व झीलेकरितां थांबल्या. झील धरावयास कोणी नव्हतें. त्यांनी पुन्हा चरण म्हटला, पुन्हा थांबल्या. तेव्हां देवळामागील घरांतून एका स्त्रीचा आवाज आला, 'तू ये गा श्रीहरी.' त्या घरांतून तिच्या नवऱ्यास त्याच दुपारीं नेलें होतें. मला हें ठाऊक, कारण खांदा देणारांत मी होतों. मग शेजारच्या घरांतून आवाज आला, मग पलीकडील आळींतून. ज्यांच्या घशांतून आवाज निघत नव्हता त्यांनी अंथरुणावर पडूनच टाळ धरिले. दारें सर्व बंद होतीं. कीर्तन पुरें झालें. त्या माउलीचें नांव विचारण्याचा मला धीर झाला नाहीं."

प्रभावतीबाई होत्या. छापील होत्या. पान आता टिकणार होतं. पण मंजुषाला रडू फुटलं ते वेगळ्याच कारणानं. देव नव्हता. इतकी वर्षं ज्या टाळांवर तिचा गळा भरून येत होता, ते टाळ तापकरी माणसांचे होते. हे पानावर घातलं, तर बाईंचं उरेल काय? चार ओळींची एक साधी बाई.

तिच्या मनात वाटही सुचली. बाई होऊन गेल्या एवढ्यापुरताच संदर्भ द्यावा, पुढचं गाळावं. देवदत्त पोरगा भला, तो बोलायचा नाही. लेख राहील, देव राहील, ज्ञानदालाही दाखवता येईल. तिनं तसा मजकूर टंकायला घेतलासुद्धा.

टंकताना सवयीनं पद गुणगुणू लागली. 'दिवा ठेविला दारी.' आणि कशी कोण जाणे, तिथं थांबली. झीलेसाठी थांबावं तशी. घर शांत होतं. खाली कुणी सायकल लावल्याचा आवाज आला, तेवढाच. तिनं पुन्हा म्हटलं, 'दिवा ठेविला दारी', आणि पुढची ओळ स्वतःच म्हणायला तोंड उघडलं.

शब्द बाहेर येईना.

तिला ती बाई दिसली. दुपारी ज्या दारातून नवऱ्याला नेलं, त्या दाराआड बसलेली. कपाळ पुसलेलं, बांगड्या फुटलेल्या. देवळातून कुणी म्हणतंय, दिवा दारी ठेवलाय. आणि या घरात दिवा लावायला कोण आहे? तरी ती म्हणते, तू ये. कुणाला ये म्हणाली असेल ती? कुठून आणला असेल तो आवाज? मंजुषाचं घर भरलेलं होतं, भात लावलेला होता, नवरा येण्याच्या वाटेवर होता, तरी तिच्यानं ती ओळ उचलवेना. अंगावर सरसरून काटा आला. देव टाळ वाजवायला आला, याचं आपल्याला इतकी वर्षं नवल वाटत होतं. देवाला काय कठीण आहे टाळ वाजवणं?

तिनं पदर तोंडाला लावला.

मग लिहायला बसली. अर्धवट मजकूर पुसला. मास्तरांनी लिहिलं होतं ते सगळं घातलं, मासिक, साल, पान, कुठल्या ग्रंथालयात आहे तेही. एकही विशेषण नाही. आणि देवानं टाळ वाजवल्याचं वाक्य तिनं आपल्या हातानं पुसून टाकलं. बदलाचं कारण लिहायच्या जागी लिहिलं, 'असे घडले नव्हते.'

सकाळी कचरा वेगवेगळा करून खाली ठेवून आली, तोवर पाटी निघालेली. पण पानात आणखी एक बदल होता. खडीसाखरचाच. मंजुषाला वाटलं: आता काय कापलं?

कापलं काहीच नव्हतं. शेवटी एक ओळ वाढवली होती: 'कीर्तनपरंपरेत हा प्रसंग देवाने टाळ वाजवले असा सांगितला जातो.' आणि पुढं कारण: 'ताईंनी पुसलेले वाक्य आख्यायिका म्हणून परत ठेवले आहे. देवळात उभे राहून, बंद दारांआडून आलेले टाळ ऐकणाऱ्याला दुसरे काय वाटणार? बाकी लेखात काढण्यासारखे काही नाही.'

मंजुषानं ते प्रतापला वाचून दाखवलं. तो बूट घालत होता, तसाच थांबला. "त्यांना माझाही नमस्कार कळव," म्हणाला, आणि उशीर झालेला असूनही लेख वरून खाली वाचून मग गेला.

शाळेतून आल्यावर ज्ञानदाला तिनं मांडीशी घेतलं आणि पान वाचून दाखवलं. पोरगी या वेळी होन्तो म्हणाली नाही. मास्तरांचा उतारा तिनं दोनदा वाचायला लावला. मग पडद्यावर, त्या देवळामागच्या घराच्या ओळीवर, बोट ठेवून विचारलं, "नामाए वा?" हिचं नाव काय?

मंजुषा म्हणाली, "ठाऊक नाही गं राजा. कुणालाच ठाऊक नाही."

पुढं त्या लेखावर बऱ्याच जणांनी हात फिरवला. शिरवडीचा नकाशा आला, साथीची माहिती आली, कुणी देवळाचं छायाचित्र काढून लावलं. त्या बाईचं नाव मात्र कुणाला सापडलं नाही. खडीसाखरही दोन वेळा शिरवडीला जाऊन रित्या हातानं परत आले.

तर मंडळी, प्रभावतीबाईंची काळजी आता नको, त्यांचं पान पक्कं झालं. माझं मागणं वेगळं आहे. आता घरी जाल, दिवा लावाल, देवापुढं दोन ओळी म्हणाल. त्या वेळी क्षणभर थांबा आणि त्या देवळामागच्या घरातल्या माउलीची आठवण काढा. नाव नसलं तरी चालेल.