लातूर पासिंगचे व्याही

माझ्या जीपचा हॉर्न वाजला की लिंबागणेशच्या देवळातली घंटा आपोआप हलायची, असं मी सांगतो आणि लोक हसतात. हसू देत. घंटा हलताना मी काही पाहिलेली नाही, कारण तेव्हा मी इकडं हॉर्न वाजवत असायचो. एका माणसानं दोन्हीकडं कसं असावं?

मेंढरांमागं उभा जन्म पायी गेला, म्हणून म्हातारपणी ही जुनी जीप घेतली आणि आमच्या चौसाळ्यातल्याच अंगद वेल्डरच्या दुकानापुढं नेऊन उभी केली. म्हटलं, "अंगद, हिला नटव." त्यानं नटवली. पुढं बोअरच्या पाइपाचा गार्ड लावला, असा की समोरचा ट्रक आधी बाजूला व्हायचा आणि मग विचार करायचा. टपावर दिव्यांची रांग. ते दिवे लागले की तीन गावचे कोंबडे अवेळी आरवायचे. काचांना काळी फिल्म. आणि तो पाच सुरांचा हॉर्न. माझी मेंढरं त्या हॉर्नवर घरी यायची. हाक मारायची गरजच उरली नव्हती.

खरी शोभा मात्र नंबरपाटीची. गाडीचा नंबर इंग्रजी आकड्यांत 4141. रंगाऱ्यानं ते आकडे असे वळवले की लांबून कुणीही 'दादा' वाचावं. गावात मला दादा म्हणणारं माणूस एकच, माझी लेक उज्ज्वला. बाकीचे सटवा नाहीतर तात्या म्हणतात, आणि बायको रतनबाई जे म्हणते ते कागदावर घालण्यासारखं नाही. उज्ज्वला लग्न होऊन भालकीला गेली. त्या दिवसापासून ती पाटीच मला दादा म्हणत होती.

भालकी कर्नाटकात. पण तिथं मराठी आपलीच, वर थोडी कानडीची फोडणी. जावई सोमनाथ कमी बोलणारा. त्याच्या वाटणीचंही बोलून टाकणारे त्याचे वडील, म्हणजे माझे व्याही उत्तरेश्वर. माणूस सोन्यासारखा, पण कर्नाटकाची तारीफ सुरू झाली की थांबवायला बिदरहून माणसं मागवावी लागावीत.

लेकीला सातवा लागला. आम्ही ओटी भरायला गेलतो. मी दारात हॉर्न वाजवला तर व्याहीबुवांची म्हैस दावं तोडून शेजाऱ्याच्या सोप्यात जाऊन बसली. तिथूनच तोंडाला तोंड लागलं.

"ही गाडी हाय का वरात?" उत्तरेश्वर म्हणाले. "आमच्या राज्यात असलं चालत न्हाई. आमच्याकडं कायदा हाय."

"आमच्याकडंबी हाय की," मी म्हणालो. "पण तो माणूस बघून बोलतो."

"आमचे रस्ते बघितले का? पोटातलं पाणी हलत न्हाई."

"हलायला पाणी पोटात ठिवता कावून? आमच्या बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ खावा, कर्नाटक हाय का महाराष्ट्र, तेच इसरताल."

"आमच्याकडं बायांना बस फुकट हाय!"

"आमच्याकडं बायांना अर्धं तिकीट, अन् म्हाताऱ्याला फुकट. म्हणून आमी लवकर म्हातारे हुतोत."

रतनबाई आतून म्हणाली, "दोघं बी बसमधी बसा अन् एकदाचे जावा."

हसतखेळत जेवण सुरू झालं. पानावर बसल्या बसल्या मी विषय काढला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पुढच्या महिन्यात उज्ज्वलाला न्यायला येतो, म्हणालो. उत्तरेश्वरांचा घास हातातच राहिला.

"त्या जीपमधी? माझी सून? सटवाजी, राग मानू नगा, पण हितं दवाखाना जवळ हाय. हितंच हुंद्या."

त्यांचं बोलणं काळजीचं होतं, म्हणून तर मला उत्तर सुचेना. मला उत्तर सुचलं नाही असा तो माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. रतनबाई अजून त्याची तिथी सांगते. शेवटी उत्तरेश्वर म्हणाले, "ऐका. दोन्ही राज्यांतून गाडी आना अन् न्या. एकबी चलान फाटलं न्हाई, तर सून तुमची. एक जरी फाटलं, तर बाळंतपण भालकीला."

"ठरलं," मी म्हणालो.

निघताना उज्ज्वला जीपपाशी आली. पाटीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "दादा, मला आईजवळ यायचंय. तुझ्या हुशारीत घोळ घालू नगंस."

घरी आल्यावर जीप परत अंगदपुढं उभी केली. म्हटलं, "उतरव."

"काय काय?"

"कायद्याला जे जे आवडत न्हाई ते."

अंगदचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्याच अंगावरचं मागितलं. गार्ड निघाला. दिवे निघाले. फिल्म खरवडली, तेव्हा कळलं की आतल्या सीटचा रंग निळा आहे. हॉर्न काढला. त्या संध्याकाळी मेंढरं माळावरच माझी वाट बघत उभी राहिली, आणि मला पायी जावं लागलं. शेवटी पाटी. तिच्या जागी ती नवी सरकारी पाटी बसली, सगळ्या देशात एकसारखी. 4141. कुठूनही बघा, उन्हात बघा, डोळे बारीक करून बघा, ते चार आकडेच होते. मी बराच वेळ बघत होतो. अंगद म्हणाला, "तात्या, कातरलेल्या मेंढीवानी दिसती." मी म्हणालो, "लोकर परत येती बे. लेक आली पाहिजे."

एक गोष्ट मात्र मी नवी केली. मागं जिथं मेंढरं उभी राहायची, तिथं रतनबाईची सुंभाची बाज टांगली. ट्रॅक्टरच्या ट्यूबचे पट्टे कापून चारी पायांना बांधले. बोल्ट एकही नाही, सगळ्या गाठी. बोल्ट मारला तर तो गाडीतला बदल. गाठ मारली तर ते सामान. हा कायद्याचा अर्थ माझा मीच लावला. मग रतनबाईला बाजेवर निजवलं, हातात काठोकाठ भरलेला तांब्या दिला आणि मांजरसुंब्यापर्यंत गाडी नेली. थेंब सांडला नाही. रतनबाई म्हणते, घाबरून तिनं पाणी आधीच पिऊन टाकलं होतं. पण सांडलं नाही हे खरं ना?

ठरल्या दिवशी निघालो. वाटेतल्या एका चौकात ओळखीचा हवालदार होता. दर खेपेला शिट्टी मारून थांबवणारा. त्यानं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. मीच थांबून म्हणालो, "साहेब, मी सटवा." तो म्हणाला, "अन् जीप कुठंय?"

भालकीला उत्तरेश्वरांनी जीपभोवती फेऱ्या मारल्या. वाकून खाली बघितलं. काही सापडेना. मग बाज दिसली.

"हे काय?"

"बाज."

"गाडीत?"

"मग काय डोक्यावर आनू?"

त्यांनी एकेक गाठ ओढून बघितली. पण माणूस हटणारा नाही. म्हणाले, "आमची हद्द सुटेपर्यंत मी मागं मागं येतो. माझ्या डोळ्यादेखत सोडीन." त्यांनी अंगणातल्या पांढऱ्या गाडीवरचं कव्हर काढलं. ही गाडी मी नेहमी कव्हरातच पाहिलेली. धूळ बसू नये म्हणून घालतात, असं मला वाटायचं.

उज्ज्वला बाजेवर आडवी झाली. "दादा, पाळण्यात घातल्यावानी वाटतंय," म्हणाली. मला वाटलं, जिंकलो. रतनबाई माझ्या शेजारी, पदरात देवाचा अंगारा. कमलनगर आलं. पुढं थोड्या अंतरावर आपली हद्द. आणि तिथंच हात आडवा झाला.

तपासणीला एक बाई होत्या, वर्दीतल्या. कागद बघितले, पाटी बघितली, मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला आणि त्यांची नजर बाजेवर.

"अज्जा, हे काय?"

"सामान हाय, बाई."

सामान खोकललं.

"हे सामान गरोदर हाय की," त्या म्हणाल्या. "चालत्या गाडीत माणूस टांगून नेता? बेल्ट कुठाय?"

"बाजेला बेल्ट नसतो, बाई. अजून कुणी काढला न्हाई."

त्यांनी चलानाचं मशीन बाहेर काढलं. मी मागं पाहिलं. उज्ज्वला उठून बसली होती. तिनं रतनबाईचा पदर घट्ट धरला.

तेवढ्यात उत्तरेश्वर गाडीतून उतरून लगबगीनं आले. नियम म्हणजे काय हे मला दाखवायची त्यांना घाई. "बरोबर हाय, बाई! फाडा चलान! आमच्या कर्नाटकात कायदा म्हणजे कायदा!"

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांच्या गाडीकडं.

"अण्णा, ही गाडी तुमची?"

"व्हय."

"पासिंग कुठलं?"

असा साधा प्रश्न, पण व्याहीबुवा एकदम सोमनाथपेक्षा गप्प झाले. मी पुढं होऊन पाटी वाचली. एमएच चोवीस. लातूर! तिकडं कर कमी भरावा लागतो म्हणून लातूरहून घेतलेली गाडी, आणि वर्षं उलटली तरी कर्नाटकात नोंद केलेली नाही. कव्हर धुळीसाठी नव्हतं तर.

"वर्षाच्या वर इकडं गाडी ठेवली तर नोंद बदलावी लागती, माहिती हाय ना?" बाई म्हणाल्या. "राहता कुठं?"

उत्तरेश्वरांनी माझ्याकडं पाहिलं. अशी नजर मी फक्त लांडगा बघितलेल्या मेंढीची पाहिली आहे.

"मी... मी महाराष्ट्राचा," ते म्हणाले.

"गाव?"

"ह्यांचंच. चौसाळा."

"अज्जा, खरं हाय का?"

देवा, तुझे उपकार किती मोजू! जन्मभर गावानं मला थापाड्या म्हटलं, आणि आज दोन राज्यांच्या हद्दीवर सरकार स्वतः माझी साक्ष मागत होतं.

"खरं हाय, बाई," मी म्हणालो. "आमच्याच आळीतले. महाराष्ट्राचा लई अभिमान. झोपेत सुद्धा तेच बोलतात. म्हना की, अण्णा."

"काय?"

"रोज म्हनता तेच. थोर हाय."

"थोर हाय," ते पुटपुटले.

"कोन?"

"महाराष्ट्र."

"लई?"

"लई," उत्तरेश्वर म्हणाले, आणि जीपमध्ये उज्ज्वला एवढी हसली की बाज झुलायला लागली.

बाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, "चौसाळ्याचा हा माणूस मला भालकीच्या बाजारात दर आठवड्याला दिसतो. लांबून येतात बिचारे भाजीला." मग मशीन खिशात घातलं. "असं करा. अण्णा चौसाळ्याचेच हायत, तर चौसाळ्यालाच निघाले असतील. त्यांच्या गाडीला बेल्ट हाय. पोरीला त्यात बसवा. बेल्टचा खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्या, पोटावरून न्हाई. बाज रिकामी न्या. आणि अण्णा, गावाकडून आलात की गाडीची नोंद इकडं करून घ्या. मी बाजारात असतेच."

त्यांनी स्वतः वाकून उज्ज्वलाचा बेल्ट लावून दिला. रतनबाईनं त्यांना अंगारा लावला. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण वर्दीतल्या माणसापुढं वाकलो तर काहीतरी लपवतोय असा संशय घेतात, म्हणून नुसते हात जोडले. आजही त्या रस्त्यानं जाताना जोडतो.

तर असं झालं. जो माणूस सुनेला माहेरी सोडायला तयार नव्हता, तोच तिला स्वतः गाडी चालवत घेऊन निघाला, आणि तेही महाराष्ट्राच्या पाटीखाली. गाडी अशी जपून चालवली की काय सांगू. प्रत्येक खड्ड्यापाशी आधी उतरून खड्डा बघायचे, मग गाडी घालायचे. अंबाजोगाईच्या अलीकडं एका बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं आणि गाडीवान विचारत गेला, "बंद पडली का, पाव्हणं?" मी मागून रिकामी बाज घेऊन येत होतो. एरवी मी हॉर्नवर हॉर्न मारले असते. त्या दिवशी वाटलं, आणखी हळू चालवली तरी चालेल.

घरी पोचल्यावर उत्तरेश्वर म्हणाले, "चलान फाटलं न्हाई. जिंकलात."

"तुमीच आनलं तिला," मी म्हणालो. "मी काय जिंकलो?"

मुलगी झाली. बीडला दवाखान्यात सगळं नीट पार पडलं. घरी आल्यावर उज्ज्वला त्याच बाजेवर निजली, खाली शेगडी, वर धुरीचा वास. ट्यूबच्या पट्ट्यांची मी नातीला झोळी बांधली. उत्तरेश्वर बघायला आले ते केए नंबरची पाटी मिरवत. नातीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "पोरगी आमची, पासिंग तुमचं. नेताना ना हरकत दाखला द्यावा लागंल, सटवाजी."

"वर्षाच्या आत न्या," मी म्हणालो. "न्हाईतर नोंद हितंच करीन."

तेवढ्यात पोरगी रडली. पाच सुरांत. अंगद त्याच्या दुकानातून ओरडला, "तात्या, हॉर्न परत बसवला का? चलान फाटंल!"

"ह्याच्यावर दोन्ही राज्यांत कायदा न्हाई!" उत्तरेश्वरांनी उलट आरोळी दिली.

"दादा," उज्ज्वला बाजेवरून म्हणाली, "ते बघ."

मी दाराबाहेर पाहिलं. हॉर्न गेल्यापासून रोज मला पायी जाऊन हाकून आणावी लागणारी माझी सगळी मेंढरं, माळावरून धुरळा उडवत, धावत घराकडं येत होती. खोटं वाटलं तर रतनबाईला विचारा. ती नाही म्हणेल, पण विचारा.