शून्य श्रोते

द्वीपवाणी रेडिओतली एकही खुर्ची हिल्डा तेहुआने सोडली नव्हती. निरोप वाचायला म्हणून आली, मग बातम्या, मग कार्यक्रम, आणि एकोणतीस वर्षांनी संचालक. खुर्ची वाढत गेली तसं बोलणं कमी झालं आणि ऐकून घेणं तेवढं वाढलं. आज ऐकवायला ब्रिस्बेनहून ख्रिस नावाचा सल्लागार आला होता.

त्याने पडद्यावर तक्ता लावला. "शॉर्टवेव्हचे श्रोते, शून्य टक्के."

"कुणाला विचारलंत?" हिल्डाने विचारलं.

"बाराशे लोकांना. फोनवरून."

"ताउमोआ बेटावर फोन लागतच नाही."

"म्हणूनच तर तिथून एकही उत्तर आलं नाही," ख्रिस अगदी मनापासून म्हणाला.

हसावं की टेबल उलथावं, हे हिल्डाला कळेना. टेबलाभोवतीची निम्मी मंडळी असल्याच लांबच्या बेटांवर वाढलेली, पण राजधानीत, होनियारात बंगला झाला की गाव आठवतं ते फक्त निवडणुकीला. मंडळाचे अध्यक्ष ओफासिया सुपारी चघळत होते.

"हे बघ बाई," ते म्हणाले, "ते शॉर्टवेव्हचं यंत्र नुसतं डिझेल पितंय. ऐकणारे आहेत म्हणतेस ना? मग लेखी आण. तीस तारखेपर्यंत. नाहीतर बंद करायचा आदेश काढ. सही तुझीच लागेल."

"तिथून कागद यायचा तो जहाजाने, साहेब. थोडी मुदत वाढवा."

"जहाजाचा काय भरवसा?"

"जहाजाचा भरवसा नाही, फोन नाही, म्हणून तर रेडिओ!" हिल्डाचा आवाज चढला. ओफासियांनी पुढचा विषय घेतला.

रोज संध्याकाळी साडेसहाला शॉर्टवेव्हवर लोकांचे निरोप वाचले जात. लोमलाच्या मोशेला: बायको सुखरूप बाळंत झाली, मुलगी आहे. ताउमोआच्या धाकट्या भावांना: तांदूळ जहाजावर चढवलाय, होडी घेऊन या. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा हिल्डाचे वडील इथल्या इस्पितळात वारले. तो निरोप तिने स्वतःच वाचला. आई, ताउमोआ: बाबा आज पहाटे गेले. आवाज फुटू दिला नाही. आई अजून त्याच बेटावर होती, आणि सेल उन्हात वाळवून वाळवून तोच रेडिओ ऐकत होती.

त्या संध्याकाळी संचालकबाई पुन्हा माइकसमोर बसल्या. "ताउमोआ, लोमला आणि पलीकडच्या सगळ्या बेटांना: ऐकत असाल तर दोन ओळी लिहा. पुढच्या जहाजावर द्या. तीस तारखेच्या आत पोचायला हवं." सलग आठ दिवस तिने हेच वाचलं.

मग सुरू झालं जहाजाची वाट पाहणं. जहाज परतीच्या वाटेवर, ताउमोआ-लोमलाची पत्रं घ्यायच्या आधीच, कुठल्याशा बेटाच्या धक्क्यावर अडकलं होतं. ती रोज जहाज कंपनीत फोन करी.

"निघालंय का?"

"उद्या नक्की, ताई."

"काल पण उद्याच होतं."

"काल पंप गेला होता. आज कप्तानाचे सासरे गेलेत. माणसाने मातीला जायचं की नाही?"

तिने फोन आपटला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला.

तीस तारखेला आदेश टेबलावर आला. राजीनामा तोंडावर फेकावा, असं शंभरदा मनात आलं. पण तिच्या जागी जो येईल, तो न वाचताच सही करेल, हेही तिला ठाऊक होतं. तिने पूर्ण वाचून सही केली. त्यात शहाणपण ते काय, असं तिचं तिलाच वाटलं आणि स्वतःची चीड आली. तंत्रज्ञ मोफातने यंत्र बंद केलं. आठवड्यात त्याचे भाग सुटे करून कुणी घेऊनही गेलं. या खात्यात पहिल्यांदाच एखादं काम वेळेवर झालं होतं.

जहाज लागलं अकरा तारखेला. खोबऱ्याची तीन पोती भरून पत्रं होती. वह्यांची पानं, सिगारेटच्या पाकिटांची पाठ, एक तर तांदळाच्या पिशवीचा तुकडा. एक पोतं तिने स्वतः ओढत ओफासियांच्या खोलीत नेलं.

"अरे वा!" ते म्हणाले. "छान. अहवालाला जोडून टाक."

ती पोतं पुन्हा ओढत स्टुडिओत घेऊन आली. मोफात पत्रं लावत बसला होता. त्याने एक पत्र पुढे केलं. "बाई, हे तुमच्या आईचं दिसतंय. अक्षर गावच्या मास्तरांचं असावं, बऱ्याच पत्रांवर तेच आहे. वाचा ना."

हिल्डा मोठ्याने वाचू लागली.

"हिल्डा, तू मागितलंस म्हणून सगळ्या गावाने लिहिलं. ज्यांना येत नाही त्यांचं मास्तरांनी लिहिलं. चार दिवस झाले, रेडिओ नुसता खरखरतोय. सेल जुने झाले असतील, उन्हात ठेवलेत. पत्रं मिळाली की साडेसहाला रेडिओवर तसं सांग. तू सांगेपर्यंत आम्ही रोज बसतो."

मोफातने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि घाईने नजर खाली घेतली. साडेसहाला पाच मिनिटं कमी होती.