रंगपंचमीला जावई मिरवणारा गाढव

मित्रांनो, मी एक म्हातारा गाढव आहे. तुमचे मास्तर 'ते गाढव' असं शिकवतात, पण मी स्वतःला 'तो'च समजतो. इतके जावई पाठीवर घेतल्यावर एवढा मान मला मिळायला हरकत नाही.

माझा जन्म नव्वद सालचा, एका वीटभट्टीवरचा. आमच्या गावातून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. माझा मालक सहादू कमी बोलायचा आणि कधी मारायचा नाही. दोन वर्षांचा झालो तशा माझ्या पाठीवर विटा चढल्या. खेपेला वीस विटा ठरलेल्या असत. वीस म्हणता म्हणता त्या पंचवीस व्हायच्या. मला मोजता येत नाही, असा भट्टीवाल्याचा समज होता.

वर्षातून एक दिवस मात्र विटांऐवजी जावई बसायचा.

थंडी ओसरू लागते, शिवरात्र होते, होळीसाठी लोक गोवऱ्या जमवायला लागतात. त्याच सुमाराला आमच्या गावकऱ्यांची नजर बदलते. नाशिक शहरात रंगपंचमीला लोक रहाडीत, म्हणजे जमिनीत बांधलेल्या रंगाच्या हौदात उड्या मारतात. आमच्याकडे असा हौद नाही. आमच्याकडे गावच्या एखाद्या जावयाला पकडून गाढवावर बसवतात. गळ्यात फाटक्या चपलांची आणि कांद्यांची माळ, डोक्यावर सुपाचं छत्र आणि पुढे हलगी. गावभर धिंड काढून झाली की त्याला आंघोळ घालतात, नवा पोशाख देतात आणि पुरणपोळी खाऊ घालतात.

हे कशामुळे सुरू झालं, याच्या तीन कथा मी ऐकल्या आहेत. पारावरचे म्हातारे म्हणतात, फार पूर्वी मोठा दुष्काळ पडला होता. लोकांनी गंमत म्हणून एका जावयाला गाढवावर बसवलं आणि त्या वर्षी धो धो पाऊस पडला. मंगळू न्हावी म्हणतो, तसं काही नाही. एक जावई होळीला आला तो पाच दिवस झाले तरी हलेना, तेव्हा सासऱ्याने त्याला वेशीपर्यंत पोचवायला गाढव आणलं. ऐंशी पार केलेल्या बयाबाईंची कथा सगळ्यात लहान. "सुनंची धिंड रोजच निघती. एक दिस जावयाची," एवढंच त्या म्हणतात. मला हीच खरी वाटते.

या सगळ्याचे कारभारी होते चिमाजीअण्णा. भरघोस मिशा, कडक टोपी आणि दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाणारा आवाज. जावई कुठे लपला असेल, ते अण्णांना बरोबर कळायचं. एक मास्तर कांद्याच्या चाळीत दडले होते, त्यांना अण्णांनी शिंकेवरून हुडकलं. एक जण लुगडं नेसून बायकांत जाऊन बसला, तर अण्णांनी त्याच्या पुढ्यात भाकरीचं पीठ ठेवलं आणि म्हणाले, "थापा बाई." कोणी हातापाया पडलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं, "रिवाजाला सुट्टी नाय."

सन दोन हजार तीनची गोष्ट. लागोपाठ दोन-तीन वर्षं पाऊस रुसला होता. विहिरींना पाणी नव्हतं आणि लोकांचे चेहरेही विहिरीसारखेच कोरडे झाले होते. त्याच हिवाळ्यात अण्णांच्या एकुलत्या एका लेकीचं, निकिताचं, लग्न झालं होतं. जावई वाल्मीक मनमाडला रेल्वेत नोकरीला होता. सणासाठी दोघं आली तेव्हा अण्णांनी स्वतःच जाहीर केलं, "यंदा माझाच जावई."

रंगपंचमीला सकाळी सहादूने मला अण्णांच्या दारात उभं केलं. हलगी वाजत होती. सगळं गाव जमलं होतं. वाल्मीक बाहेर आला. त्याच्या शर्टाला कडक इस्त्री होती. तो शांतपणे म्हणाला, "मामा, मी बसणार नाय. बळजबरी केली तर निकिताला घेऊन आत्ता निघतो, आणि पुन्हा या घराची पायरी चढायचो नाय."

निकिता उंबऱ्यात उभी होती. तिने बापाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

हलगी थांबली. मंगळू न्हावी हळूच म्हणाला, "अण्णा, रिवाजाला सुट्टी नाय ना?" दहा वर्षं ज्यांना ज्यांना माझ्यावर चढवलं होतं, त्यांचे सासरे तिथेच उभे होते. अण्णांच्या मिशा मी पहिल्यांदाच खाली आलेल्या पाहिल्या.

तेवढ्यात बयाबाई काठी टेकत ओसरीवर आल्या. त्या अण्णांच्या घरात राहायच्या, म्हणून मी त्यांना अण्णांची आईच समजत होतो. निम्मं गावही तसंच समजत होतं.

"चिमाजी," त्या म्हणाल्या, "तू देवळ्याहून आला तवा तुझ्या पायात वहाण बी नव्हती. माझ्या लेकीशी लगीन लावलं आन हितंच राहिला. तू ह्या गावचा कोण लागतो?"

अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, "जावई."

"गाढवावर बसला का कधी?"

"मामी, पस्तीस वर्सं झाली त्याला."

"मंग पस्तीस वर्सं उशीर झाला. चढ."

मित्रांनो, अण्णांचं वजन पंचवीस विटांहून जास्त होतं. पण गाव इतकं हसत होतं की मला चालायला जोर आला. सूप खुद्द वाल्मीकने धरलं होतं. निकिता डोळे पुसत पुसत हसत होती. मारुतीच्या देवळापाशी माझा पाय खड्ड्यात गेला आणि अण्णांनी घाबरून माझी मान पकडली. त्यांच्या हाताला लाल लागलं. त्यांना रंग वाटला. पण पाणी नाही म्हणून त्या वर्षी गावात नुसता कोरडा पिवळा रंग उधळला होता.

अण्णा खाली उतरले आणि त्यांनी माझ्या मानेवरची आयाळ बाजूला केली.

"सहादू, ह्याला जखम हे."

"विटांच्या दोराची हे अण्णा. लय दिवसांची."

"मंग बोलला का नाय?"

"गाढवाचं कोण इचारतं अण्णा?"

गळ्यात ती चपलांची माळ तशीच ठेवून अण्णांनी माझा दोर हातात घेतला आणि उरलेलं गाव पायी फिरले. कोणी तक्रार केली नाही. घरी आल्यावर निकिताने माझ्या जखमेला तेल-हळद लावली. मग कुठे अण्णांनी आंघोळ केली. बयाबाईंनी नवं धोतर दिलं. ते घेताना अण्णा त्यांच्या पायाशी वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. मंगळू म्हणतो, अण्णा अर्ध्या वाटेत उतरले म्हणून अर्धाच पडला.

पुढच्या रंगपंचमीला वाल्मीक आपण होऊन बसायला आला आणि येताना माझ्या पाठीवर घालायला जाड गादी घेऊन आला. आता विटा ट्रॅक्टरने जातात. भट्टीने मला सोडलं, सहादूचीही अडचण होती, तेव्हा अण्णांनी मला आपल्या गोठ्यात बांधलं. शेजारची म्हैस मला पाहुणा समजते. मीही तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

मित्रांनो, सण जरूर करा. जावयांना खुशाल बसवा, आमची हरकत नाही. फक्त कोणाला आमच्या पाठीवर चढवण्याआधी एकदा आमच्या अंगावरून हात फिरवून बघा. आम्ही मोठ्याने ओरडतो खरं, पण दुखतं ते कुठे, हे आम्हाला ओरडून सांगता येत नाही.