अक्रोडाची वाटी

“मावशी, तुम्ही बोलून मोकळ्या झालात, आणि तिकडं तो हकीम बिचारा माश्या मारत बसलाय,” रेयना उंबऱ्याशी चपला काढत म्हणाली.

नेफिसे अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसून भेंड्या दोऱ्यात ओवत होती. हिवाळ्यासाठी वाळवायच्या होत्या. तिनं मान वर न करताच विचारलं, “मी काय बोलले?”

काय बोलली ते तिला आठवत नव्हतं असं नाही. दवंडी पिटली होती त्या दिवशीची गोष्ट. पातशहाच्या नव्या कारभारात आता देवीपासून राखण्याचं कामही सरकारनं अंगावर घेतलं होतं. मुसलमान, ग्रीक, आर्मेनियन, ज्यू, बल्गेरियन, कुणाचंही मूल असो, लस एकच आणि तीही फुकट. इस्तंबूलच्या नव्या वैद्यकशाळेत शिकलेला एक तरुण हकीम इथं एदिर्नेत येऊन सराईतल्या खोलीत बसला होता. बायका विचारायला नेफिसेकडं आल्या. बायका कुठल्याही गोष्टीला नेफिसेकडंच येत. आणि नेफिसे भेंडीचं देठ कापता कापता म्हणाली होती, “त्याला म्हणावं, द्राक्षाची पानं पिवळी होईपर्यंत थांब. भर उन्हाळ्यात का कुणी फूल पेरतं?”

झालं. पाणवठ्यावर, हमामखान्यात, पावाच्या भट्टीपुढच्या रांगेत ते वाक्य फिरलं आणि फिरता फिरता त्याचा हुकूम झाला. नेफिसेनं नको म्हटलंय. सराईच्या पायऱ्या कुणी चढलं नाही.

त्या मुलखात देवीला फूल म्हणत. फुलानं डोळा नेला, फुलानं पोर नेलं, असं बोलत. आणि ते फूल हातानं पेरायची विद्या नेफिसेकडं आईकडून आली होती. उन्हाळा ओसरला, मांडवाची पानं पिवळी पडली की बायका आपापली मुलं आंघोळ घालून तिच्या अंगणात आणत. ज्या मुलाला देवी हलक्या निघाल्या असतील त्याच्या फोडातलं पाणी ती अक्रोडाच्या अर्ध्या टरफलात घेऊन यायची. त्या इवल्याशा वाटीत सुई बुडवायची, मुलाच्या दंडावर टोचायची, वर दुसरं टरफल पालथं घालून फडक्यानं बांधायची. मुलं आठवडाभर हुंदडत, मग तापानं पडत, अंगभर थोडे फोड उठत आणि उतरत. ती मुलं तरली म्हणायची, जन्मभराची. एदिर्नेतल्या निम्म्याअधिक दंडांवर नेफिसेची खूण होती. बाजारात कुणी बाप्या बाही वर करून हमालीला लागला की ती लांबूनच ओळखायची, हे माझं काम.

सगळी मात्र तरत नसत. टोचलेलं फूलही कधी कधी उलटे. क्वचित. पण उलटे.

“सगळीकडं नवंच चाललंय,” रेयना भेंड्यांच्या टोपलीशी बसत म्हणाली. ती ज्यूंच्या आळीतली, शिंप्याची बायको. नवऱ्याकडं सध्या नव्या फॅशनच्या कोटांचंच काम असे. “पागोटी काढून पुरुषांना लाल गोंडेवाल्या फेझ टोप्या घातल्या, आता हे देवीलाही फेझ घालायला निघालेत. पण मावशी, नदीपलीकडच्या गावात देवी आल्यात म्हणे. दूधवाला सांगत होता. माझ्या मोइझला अजून टोचलेलं नाही.”

नेफिसेचा दोरा थांबला.

घरात तिची सून बेहिये आपल्या लेकीला, गुलफेमला, झोपवत होती. मुलगा नव्या पलटणीत, दूर कुठल्याशा सरहद्दीवर. घरात तिघीच. गुलफेमचं दुसरं वर्ष सरत आलेलं. गेल्या शरदात गावातल्या सगळ्या मुलांना टोचून झाल्यावर बेहियेनं तिला पुढं केलं होतं, तेव्हा नेफिसे म्हणाली होती, दात येतायत, पुढच्या वर्षी बघू. दात येत नव्हते. बेहियेनं ते पाहिलं होतं आणि सासूच्या तोंडाकडं बघून ती गप्प बसली होती.

कारण नेफिसेला एक मुलगीही होती. शेरिफे. गुलफेमएवढीच होती तेव्हा. आईनं आपल्या हातानं, आपल्या सुईनं, चांगल्यातलं चांगलं पाणी बघून तिला टोचलं होतं, आणि ते फूल उलटलं होतं. गावाला वाटलं, पोरीला बाहेरून लागण झाली. नेफिसेनं ते तसंच राहू दिलं. पाठच्या मुलाच्या वेळी तिनं दुसऱ्या आळीतल्या एका म्हातारीकडून टोचून आणलं आणि सांगितलं, आईच्या हाताला कापरं भरतं. ती म्हातारी आता राहिली नव्हती. या गावात आता दुसरा हात नव्हता.

दाराची कडी वाजली. नेफिसेनं ओढणी पुढं घेतली. बाहेर डोक्यावर नवी कोरी फेझ घातलेला, धुळीनं माखलेला एक तरुण उभा होता. त्याच्यामागं एक बल्गेरियन बाई, अनवाणी, कडेवर लहानगी पोर.

“नेफिसेआजी तुम्हीच ना? मी आर्तिन. सराईतला.” मग जरा घुटमळून तो म्हणाला, “ज्याच्याकडं कुणी येत नाही, तो.”

रेयना तोंडावर ओढणी घेऊन हसली. नेफिसेनं त्याला आत घेतलं, पाणी दिलं, त्या बाईला आणि पोरीला ताक दिलं. बाईचं नाव नेदा. मागच्या गावाहून बैलगाडीतून आली होती. तिला कशाला आणलंस, असं नेफिसेनं विचारल्यावर आर्तिननं जे सांगितलं ते त्या तिघींनी हातातलं काम टाकून ऐकलं. बेहियेही दारात येऊन उभी राहिली होती.

ही लस बाटलीत टिकत नाही, तो म्हणाला. वाळते, मरते. ती जिवंत ठेवायची तर मुलाच्या दंडातच. इस्तंबूलहून निघताना एका मुलाला टोचली. आठवड्यानं त्याचा फोड पिकला, त्यातली दुसऱ्याला दिली. दुसऱ्याची तिसऱ्याला. अशी गावोगाव, दंडोदंडी ती एदिर्नेपर्यंत चालत आली होती, आणि आत्ता ती या पोरीत होती, स्तान्कामध्ये. फोड आज पिकलाय. उद्यापर्यंत सुकेल. आज एदिर्नेतल्या एका तरी मुलानं ती घेतली नाही, तर दिवा विझला. पुन्हा इस्तंबूलपासून सुरुवात. तोवर नदीपलीकडची देवी पूल ओलांडून आलेली असेल.

“तुम्ही पानं पिवळी होईपर्यंत थांब म्हणालात,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “मी थांबीन आजी. ही थांबणार नाही.”

नेफिसे उठली. “बघू,” म्हणाली. नेदानं पोरीची बाही वर सारली.

दंडावर एकच फोड होता. एकच. मोत्यासारखा, मधोमध चिमुकली खळी, भोवती गुलाबी कडं. नेफिसेनं पोरीचा दुसरा दंड पाहिला. पोट पाहिलं, पाठ, मान, कानामागं, बोटांच्या बेचक्या. आयुष्यभर ती ज्या ज्या जागी बघत आली होती त्या सगळ्या जागा पाहिल्या. अंग लोण्यासारखं स्वच्छ. कपाळाला हात लावला, थंड. पोर तिच्याकडं बघून ताकानं माखलेल्या तोंडानं हसली.

“बाकीची फुलं कधी निघणार?”

“निघत नाहीत.”

“ताप?”

“एखादी रात्र किरकिर. कधी तीही नाही.”

“हिच्यापासून दुसऱ्याला लागेल ना? घरात कोंडून ठेवायला हवी.”

“नाही लागत आजी. टोचल्याशिवाय नाही.”

नेफिसे खाली बसली. तिच्या अंगणात आजवर हजारो फोड उठले होते. त्यांचा वास तिला झोपेत ओळखू आला असता. एका फोडात देवी संपते, असं तिला तिच्या आईनं सांगितलं असतं तर तिनं आईलाही वेड्यात काढलं असतं. आणि इथं तशी पोर समोर बसून ताक पीत होती. नेफिसेला एकदम लहानपणची एक पहाट आठवली, मोठ्या मशिदीच्या घुमटाखाली बापाच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा वर पाहिलं होतं तेव्हाची. एवढं मोठं काही माणसानं उभारलं असेल असं वाटलंच नव्हतं. आत्ताही तसंच वाटलं.

“हे येतं कुठून?” तिनं हळूच विचारलं.

“मुळात गाईच्या आचळावरच्या फोडातून.”

“अगं बाई,” रेयना म्हणाली. “म्हणजे पोरं हंबरणार.”

“तुझा मोइझ आताच हंबरतो,” नेफिसे म्हणाली, पण तिची नजर फोडावरून हलली नव्हती. मग तिनं आर्तिनला तो प्रश्न विचारला जो तिला कधीच कुणी तोंडावर विचारला नव्हता. “यातली दगावतात किती?”

“सगळीकडचं मला ठाऊक नाही. माझ्या हातून एकही नाही.”

नेफिसेनं त्या तरुण तोंडाकडं पाहिलं.

“उशीर केलास, पोरा.”

“पण मी तर आठ दिवस...”

“तसं नव्हे.” तिनं हातानं काहीतरी दूर सारल्यासारखं केलं. “खूप आधी यायचं होतंस.”

“आजी, तेव्हा मी जन्मलोही नसेन.”

“म्हणून तर म्हणते.”

बेहियेनं सासूकडं पाहिलं. गेल्या शरदातलं न आलेल्या दातांचं कोडं तिला तिथं, त्या क्षणी उलगडलं असावं. ती आत जाऊन गुलफेमला उचलून घेऊन आली.

पण तोवर रेयनाच्या हाकेनं आळी अंगणात जमली होती, आणि आळी म्हटली की तोंडं आली. मशिदीत बांग देणाऱ्याची बायको सादबेर्क सगळ्यांत पुढं. तिला लसीचं वावडं नव्हतं. पण बल्गेरियन पोरीच्या अंगातलं पाणी मुसलमानाच्या लेकराच्या रक्तात? कल्हईवाल्याची ग्रीक बायको स्माराग्दा म्हणाली, बरोबर आहे, माझ्या नातवालाही गावंढ्या बल्गेरियनाचं नको. एखादं चांगल्या घरचं ग्रीक मूल आणा, त्याचं घेऊ. एकमेकींच्या अंगणात वर्षानुवर्षं न फिरकणाऱ्या त्या दोघी या एका बाबतीत अगदी सख्ख्या बहिणी झाल्या. फर्मानात सगळे सारखे असतील, सादबेर्क म्हणाली, फर्मान कागदावर असतं, हे अंगात जायचंय.

आर्तिनचा चेहरा पडला. नेदानं पोरीची बाही हळूच खाली ओढली. तिला भाषा फारशी कळत नव्हती, पण एवढं कळायला भाषा लागत नाही.

नेफिसे उठून घरात गेली. कोनाड्यातून तिची जुनी वाटी घेऊन आली, हातांनी गुळगुळीत झालेली, काळपट. ती तिनं सादबेर्कच्या समोर धरली.

“यातलं पाणी मी कुणाकुणाचं आणत होते, कधी विचारलंत?”

नेफिसेनं वाटीवर तळहात पालथा घातला.

“वर झाकण असायचं. दिसत नव्हतं, म्हणून चालत होतं. सादबेर्क, तुझ्या दंडावरचं फूल कुठल्या घरचं, सांगू?”

सादबेर्कचा हात आपसूक दंडावर गेला. तिनं स्माराग्दाकडं पाहिलं. स्माराग्दानं आपला दंड ओढणीखाली घेतला.

“नको,” सादबेर्क म्हणाली. “राहू दे, मावशी.”

“नकोच,” स्माराग्दा म्हणाली.

रेयनाला हसू आवरेना. मग एकेक करून सगळ्याच हसू लागल्या. कशाला हसतोय हे कुणी कुणाला सांगितलं नाही, आणि ज्या हसल्या त्यांतल्या बऱ्याच जणींनी हसता हसता आपला दंड चाचपून पाहिला.

आर्तिननं पिशवीतून बारीक पातं काढलं. बेहिये गुलफेमला घेऊन सासूपुढं आली. “आई, तुम्ही टोचा. तुमच्या हाताचा मला भरवसा आहे.”

आर्तिननंही पातं पुढं केलं. बायका बघत होत्या. नेफिसेनं त्या पात्याकडं पाहिलं. तिचा हात थोडा उचलला गेला, आणि मग तिनं तो गुलफेमकडं नेला.

“नाही गं. मी धरते तिला,” ती म्हणाली. “आज मला धरू दे.”

तिनं नातीला मांडीवर घेतलं, पाठ आपल्या छातीशी. नेदा शेजारी बसली. दोन पोरी, दोन दंड, मध्ये एक थेंब. आर्तिननं स्तान्काच्या मोत्याला अलगद पातं लावलं, पाण्यासारखा पारदर्शक थेंब वर आला, आणि तो त्यानं गुलफेमच्या दंडावर उतरवला. गुलफेम नीट रडलीही नाही. तिचं लक्ष स्तान्काच्या गळ्यातल्या निळ्या मण्याकडं होतं. नेफिसेनं मात्र डोळे मिटून घेतले होते, आणि नातीच्या केसांत तोंड खुपसून ती काहीतरी पुटपुटत होती. बेहियेला त्यातलं एक नाव ऐकू आलं. गुलफेमचं नव्हे.

त्यानंतर मोइझ. मग सादबेर्कचा धाकटा. मग स्माराग्दाचा नातू. त्यानं आधी आजीला लाथा घातल्या, मग हकिमाला.

गुलफेमच्या दंडावर एकच मोती आला. नेफिसे रोज पहाटे उठून तिचं सगळं अंग बघायची आणि दुसरा शोधायची. दुसरा नव्हता. तो पिकला त्या दिवशी आळीतल्या उरलेल्या मुलांना त्यातून दिलं, आणि एका आर्मेनियन लोहाराच्या तान्ह्याला आणि त्याच्या आईला घेऊन आर्तिनची बैलगाडी पुढच्या गावाला निघाली. नेफिसे वेशीपर्यंत गेली होती. गाडी पुलावर चढली, लहान होत गेली, तरी ती उभीच. त्या पोराच्या दंडात गुलफेम होती, गुलफेममध्ये स्तान्का, स्तान्कामध्ये कुणी नाव न ठाऊक असलेलं मूल, आणि असं मागं मागं जात पार इस्तंबूलपर्यंत. आता पुढंही असंच जाणार होतं, तिनं कधी न पाहिलेल्या गावांना. नदीपलीकडची देवी त्या वर्षी पूल ओलांडून आली, आणि आळीत एकही दार न उघडता निघून गेली.

मग पानं पिवळी झाली.

नेफिसेनं अंगण सारवल्यासारखं झाडून काढलं. सवयीनं. बाकं मांडली, सुई उकळली, दार उघडं टाकलं. ऊन भिंतीवरून उतरून मांडवाखाली आलं. रस्त्यानं बायका गेल्या, मुलं गेली. सादबेर्क दारातून डोकावून मशिदीच्या आवारातल्या नव्या अक्रोडांची टोपली ठेवून गेली. “फोडून ठेवा मावशी, हलव्याला होतील.” बसली मात्र नाही. बसायचं कारणच नव्हतं.

नेफिसे अक्रोड फोडायला बसली. हिरव्या सालीनं बोटं काळी झाली. एक टरफल बरोबर मधोमध फुटलं, दोन्ही वाट्या अखंड, कडेला कुठं टवका नाही. अशी वाटी तिनं जन्मात कधी टाकली नव्हती. लागलीच निवडून फडक्यात बांधून ठेवायची. तिनं ती उलटसुलट करून पाहिली आणि बाकीच्या टरफलांत टाकून दिली.

गुलफेमनं ती उचलली. हौदाकडं गेली, वाकून ती भरली, आणि दोन्ही हातांत धरून, जीभ बाहेर काढून, सगळं अंगण ओलांडत आजीकडं आली. येईस्तोवर बहुतेक सगळं पाणी झग्यावर सांडलं होतं. वाटीच्या तळाशी थेंबभर उरलं होतं.

“पी,” ती म्हणाली.

नेफिसेनं काळे झालेले हात ओढणीला पुसले, वाटी घेतली आणि प्यायली.