खंडेनवमीची अंघोळ

मी एक जुनी इग्निशन कॉइल आहे. मित्रांनो, मोटारीची चाकं तुम्हाला ठाऊक असतात, हॉर्न ठाऊक असतो. माझं नाव मात्र गाडी बंद पडल्यावरच निघतं. बॅटरीची थोडीशी वीज मी कितीतरी पटींनी वाढवून खालच्या प्लगला देते. मग ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं आणि गाडी धावते.

तांब्याची केसासारखी तार गुंडाळून कारखान्यात मला बंद केलं, तिथूनच माझी कोंडी सुरू झाली. पुढे किल्लारीच्या पिराजीच्या गाडीत मला एका खोल, अंधाऱ्या भोकात बसवून वरून बोल्ट आवळला. शेजारच्या भोकांत माझ्यासारख्याच दोन कॉइल, माझ्या बहिणी, पण भेटायची सोय नाही. उकाडा तर विचारूच नका. तरी मी कुरकुरले नाही, कारण गाडीत कावेरीबाई बसायच्या. पिराजीची ही आई. किडन्या थकल्यामुळे त्यांना आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिसला न्यावं लागे. वेळ चुकली की धाप लागायची. उतरताना त्या बोनेटवर हात फिरवून म्हणायच्या, "लई गुणाची हाय गं माय तू." ते कौतुक मी खुशाल स्वतःकडे घ्यायचे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी विळ्या-कोयत्यापासून गाडीपर्यंत सगळ्यांची पूजा, आणि पूजेआधी अंघोळ आलीच. पिराजी मोठा हौशी. नुकत्याच थांबलेल्या गरम इंजिनावर त्याने पंपाचा पाइप सोडला. पाणी माझ्या भोकात उतरलं आणि तिथेच साचलं. माझं अंग तडकलं. वर झेंडूची माळ चढत होती आणि खाली मी बुडत होते. ओरडणार तरी कशी?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लातूरला निघालो. माझी वीज प्लगपर्यंत पोचेना, वाटेतच फुटायची. गाडी हिसके देऊ लागली.

"पिराजी, गाडी का असं करायलीय रे?" कावेरीबाईंना बोलतानाही धाप लागत होती.

"दम धर माय. पुढं गुरुबसप्पाचं गॅरेज हाय."

गुरुबसप्पाने इंजिन चालू ठेवून एकेकीची वायर काढून पाहिली. माझी काढली तरी आवाजात फरक पडेना, म्हणजे मी काम करतच नव्हते. मग इंजिन बंद करून त्याने मला उपसलं, भोकातलं पाणी हवेने सुकवलं, मला बहिणीच्या जागी बसवलं आणि तिला माझ्या. दोष पाण्याचाच निघू दे, असं मी मनोमन म्हणत होते. पण मी जिथे गेले, तिथे खोड माझ्यामागून आली.

"इंजन धुतलं व्हय?" गुरुबसप्पाने विचारलं.

"व्हय, पूजेला."

"अवो, फडकं मारायचं! गरम इंजनावर पाणी सोडतेत का? ही कॉइल गेली."

नवी कॉइल बसली, गाडी गुरगुरली, कावेरीबाई वेळेत पोचल्या. मला आनंद झाला आणि रडूही आलं. मी डिकीत स्टेपनीखाली पडले. एका अंधारातून दुसऱ्या अंधारात.

वर्ष सरलं. पुन्हा खंडेनवमी. बोनेट उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ पंप सुरू झाला. माणूस शहाणा होतो, पण विसरतोही. उद्याच लातूरची खेप होती. माझ्या जागी बसलेल्या नवीला काही माहीत नव्हतं आणि मला सगळं माहीत असून तोंड नव्हतं. माझा जीव कासावीस झाला.

तेवढ्यात डिकी उघडली. पूजेत मांडायला पाना आणि जॅक हवा होता. पान्याबरोबर मी पिराजीच्या हाती लागले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पाइपाकडे.

"पंप बंद करा रे!" तो ओरडला आणि फडकं घेऊन इंजिन पुसायला लागला.

कावेरीबाईंनी मला पाटावर हत्यारांशेजारी ठेवलं.

"ही कशाला, माय? खराब हाय ती."

"असू दे. माझ्यासाठी लई खेपा केल्या हिनं."

मित्रांनो, पूजा जरूर करा, पण जिची करता तिला काय सोसत नाही, ते आधी समजून घ्या. आम्हाला आतून हाक मारता येत नाही.

कुंकू लावून मी परत डिकीत गेले, झाकण बंद झालं. दुसऱ्या दिवशी गाडी लातूरला निघाली. अंधारात मी कान देऊन ऐकत होते. इंजिनाचा एकही ठोका चुकला नाही.