रस्ता मोकळा होता

लुमीर कुबिचेकची बटालियन ना सासरची होती ना माहेरची. रणगाडे तिचे स्वतःचे, पण लढायचं ते कायम परक्या पायदळाच्या जोडीने. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्यापासून आज या डिव्हिजनने मागितली, उद्या त्या डिव्हिजनने. शेजारणीने उसनं नेलेलं पातेलं पोचे घेऊन परत यावं, तशी ती दर वेळी परत यायची. लुमीर सार्जंट झाला तोही वरच्या दोघांच्या जागा रिकाम्या पडल्या म्हणून. त्याचा हा तिसरा रणगाडा. पहिला मोझेल नदीच्या काठी जळाला, दुसरा आर्देनच्या बर्फात.

अशी रखडत, पोळत ही बटालियन पंचेचाळीसच्या मे महिन्यात बोहेमियात शिरली, आणि लुमीरच्या नशिबाने अचानक कूस बदलली. त्याचा जन्म नेब्रास्कातला, पण आई इथली. लहानपणी मक्याच्या शेतात आईने जी भाषा शिकवली, तीच इथे रस्त्यावर कानावर पडत होती. रोकित्सानीजवळच्या त्या गावात लोकांनी रणगाड्यांवर लायलॅकच्या फुललेल्या फांद्या टाकल्या, परातीतून कोलाचे, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, आणले. लुमीरने झाकणातून डोकं बाहेर काढून त्यांच्याच भाषेत "घाबरू नका, आपलीच माणसं आहेत" म्हटलं मात्र, पाच-सहा जणांनी त्याला खाली ओढून खांद्यावरच घेतलं.

"लू, लेका, मामाच्या गावाला आलास की!" तोफेवरचा टॉलिव्हर ओरडला. हा टेनेसीचा, तोंडाने फटकळ. "आता जावईसुद्धा करून घेतील. आमची सोय बघ रे जरा!"

त्या दिवशी लुमीर हसला तसा वर्षभरात हसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुकूम आला. इथेच थांबायचं. पुढचा मुलूख रशियनांनी घ्यायचा, असं वर कुठेतरी ठरलं होतं. पोरांना काय, सुंठीवाचून खोकला गेला. पण गावातल्या रेडिओवर प्राग बोलत होतं. शहराने उठाव केला होता, रस्त्यारस्त्यांत फरसबंदीचे दगड रचून लोक जर्मनांशी झुंजत होते, आणि रेडिओवरचा माणूस बसलेल्या आवाजात मदत मागत होता. आधी चेकमध्ये, मग इंग्रजीत. इंग्रजी सगळ्यांनाच कळत होतं. म्हणून कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

दुपारी एक बाई सायकलवरून आली. पन्नाशीची, डोक्याला रुमाल, पायमोजे धुळीने पांढरे. प्रागच्या वाटेवरच्या बेरौनहून आले म्हणाली. नाव क्वेता. तिला साहेबांना भेटायचं होतं, आणि दोन्ही भाषा येणारा लुमीर एकटाच. तो तिला कॅप्टन प्रेंटिसकडे घेऊन गेला.

"त्यांना सांग," ती धापा टाकत म्हणाली, "मी ह्याच रस्त्याने आले. जर्मन भेटले ते इकडेच पळत येतायत, हातात पांढरी फडकी घेऊन. मला कुणी हटकलंसुद्धा नाही. रस्ता मोकळा आहे. संध्याकाळच्या आत प्रागला पोचाल. माझा पोरगा तिथे आहे, मिरेक. पण एकट्या त्याच्यासाठी नाही म्हणत मी."

लुमीरने शब्दन् शब्द सांगितला. कॅप्टन प्रेंटिस युद्धाआधी ओहायोत शाळामास्तर होता. त्याने टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली.

"तिला सांग, मला हुकूम नाही. सांग, मला वाईट वाटतं."

लुमीरने तोंड उघडलं, पण बाईने हात वर केला. "त्यांचं कळलं मला चेहऱ्यावरून. तू कुणाचा रे? तुझं बोलणं आमच्या आजीसारखं आहे. असे शब्द आता कोण बोलतं?"

"माझी आई इकडचीच. लहानपणी बोटीने गेली."

"मग तू सांग मला. येताय का?"

ह्या भाषेत लुमीरने आजवर आईशी गप्पा मारल्या होत्या, गाईंना हाका मारल्या होत्या, देवाची प्रार्थना म्हटली होती. नकार द्यायची वेळ कधी आली नव्हती.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "आम्ही येणार नाही."

बाई अंगणातल्या पंपाजवळ जाऊन ओंजळीने पाणी प्यायली आणि सायकलच्या चाकातली हवा दाबून पाहू लागली.

टॉलिव्हर लुमीरच्या कानाशी लागला. "लू, इंजिन जरा घरघरतंय, नाही का? फेरी मारून बघायला हवं. आता फेरी लांबली तर लांबली. ड्रायव्हर तयार आहे. तू फक्त मान हलव."

थट्टा नव्हती ती. फटकळ टॉलिव्हरचा चेहरा कधी नव्हे इतका गंभीर होता. लुमीरने रणगाड्याकडे पाहिलं. मान हलवायला कितीसा वेळ लागणार होता? पण एकटा रणगाडा पुढे घुसला की त्याचं काय होतं, हे त्याने दोनदा आतून पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी तोफेत गोळे भरणाऱ्या आपल्या लोडरला बाहेर ओढताना त्याच्या हातात नुसती कोटाची बाही आली होती. ड्रायव्हरला घरी तान्ही मुलगी होती, तिचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. ही चार माणसं आपली मालमत्ता नव्हे. आईच्या भाषेचं देणं ह्यांच्या जिवाने कसं फेडायचं?

"इंजिन ठीक आहे," तो म्हणाला.

टॉलिव्हरने खांदे पाडले. सुटल्यासारखे की खचल्यासारखे, ते लुमीरला कधीच कळलं नाही.

मग लुमीर झपाट्याने कामाला लागला. प्रत्येक रणगाड्यात औषधांचा एक पत्र्याचा डबा असे. तो कंपनीतल्या एकेका रणगाड्यापाशी गेला आणि डबा मागितला. कशाला, असं एकानेही विचारलं नाही. पट्ट्या, जखमेवरची पूड, वेदनेवरची इंजेक्शनं, सगळं पोत्यात भरून सायकलला बांधताना कॅप्टन दारात येऊन उभा राहिला. सरकारी सामान असं वाटणं म्हणजे गुन्हाच. कॅप्टन आपल्या जीपपाशी गेला आणि तिच्यातला डबा आणून त्याने लुमीरच्या हातात दिला.

"मावशी, आज इथेच राहा," लुमीर म्हणाला. "दोन दिवसांत सगळं संपेल."

"तेवढ्यात पुष्कळ संपतं," ती म्हणाली, आणि पायडल मारून निघाली. वळणापर्यंत रस्ता खरंच मोकळा होता.

युद्ध संपलं, ते त्यानंतर लगेचच. गावात बिअरची पिंपं फुटली. लुमीरही प्यायला, पण त्याला चढली नाही.

जूनमध्ये परवाना मिळवून तो रशियनांच्या हद्दीत बेरौनला गेला. क्वेताचं घर स्टेशनामागे होतं. तिने दार उघडलं, ओळखलं, आणि आधी बसवून बटाट्याचं सूप पुढे ठेवलं. भिंतीवरच्या फोटोला काळी फीत होती.

"डबे पोचले," ती म्हणाली. "प्रागमध्ये एका शाळेत दवाखाना केला होता, तिथे दिले. रात्रीत संपले सगळे."

"आणि मिरेक?"

"तो आदल्या दिवशीच गेला होता. मी तुझ्यासमोर उभी होते तेव्हा तो नव्हताच. तू आला असतास तरी नव्हताच." तिने पावाचा तुकडा त्याच्याकडे सरकवला. "मुद्दाम सांगते. नाहीतर जन्मभर डोक्यात घेऊन बसशील."

त्याने मान डोलावली. पण परतीच्या वाटेवर त्याच्या ध्यानात आलं, की मन हलकं झालेलं नाही. मिरेक आदल्या दिवशी गेला. त्यानंतर जे गेले, त्यांच्या आया सायकलवरून आल्या नव्हत्या, एवढंच.

त्याच महिन्यात बटालियनचा इतिहास लिहायचं ठरलं. प्रत्येक शिपायाला घरी न्यायला एक पुस्तक मिळणार होतं. काम अर्थातच मास्तरकडे, म्हणजे कॅप्टनकडे आलं. चेक गावांची नावं तपासायला त्याने लुमीरला बोलावलं. मजकूर छान होता. बोहेमियात प्रवेश, फुलं, कोलाचे, आणि लगेच पुढच्या ओळीत विजय.

"सर, मधला दिवस गाळलाय."

"त्या दिवशी आपण काहीच केलं नाही, कुबिचेक."

"तेच लिहायला हवं."

कॅप्टनने चष्मा काढला. "हे पुस्तक आपल्या मेलेल्या पोरांच्या आईबापांच्याही हातात जाणार आहे. त्यांना काय सांगू? तुमचा मुलगा जिथवर रक्त सांडत आला, तिथे शेवटी आम्ही गप्प बसलो?"

"त्यांनाच तर कळेल, सर," लुमीर म्हणाला. "मदत मागणाऱ्या आईचं त्यांना नाही कळायचं, तर कुणाला कळायचं?"

खिडकीबाहेर पोरं बेसबॉल खेळत होती. कॅप्टनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने टाइपरायटर पुढे ओढला आणि एकेका बोटाने सावकाश टाइप केलं: प्राग मदत मागत होतं. एक बाई आम्हाला बोलवायला आली. हुकमाप्रमाणे बटालियन जागेवर थांबली.

"पुरे?"

"पुरे, सर."

"बरं, आता त्या गावांची नावं सांग. हळू सांग, आणि जशी तुझी आई म्हणते तशीच म्हण."

लुमीर खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला आणि एकेक नाव उच्चारू लागला.